माल किती, मजुरी किती?

बंगळुरूच्या जयनगरात जुने बैठे घर पाडून नवे बांधायचे ठरले, की मेस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘लेबर, की विथ मटेरियल?’ ‘लेबर’ म्हणजे सिमेंट, सळया, वाळू, फरश्या घरमालकाने आणायच्या आणि मेस्त्रीने माणसे लावून काम उरकायचे. ‘विथ मटेरियल’ म्हणजे सगळी जबाबदारी मेस्त्रीची. मालकाने चौरस फुटाचा ठरलेला दर द्यायचा. दोन्ही रीतींनी उभे राहणारे घर एकच. विटा तेवढ्याच, गवंडी तेच, दिवसही साधारण तेवढेच लागतात. करखात्याच्या वहीत मात्र ही दोन वेगळी घरे आहेत. पहिल्या रीतीत मजुरीवरचा कर शून्य असू शकतो. दुसरीत त्याच मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो.

हा फरक का पडतो, हे समजून घ्यायचे तर कराने मजुरीकडे कसे पाहिले, याचा आठ-नऊ दशकांचा प्रवास पाहावा लागतो. त्यातली बरीच वळणे कर्नाटकातल्या खटल्यांनीच घेतलेली आहेत.

## विक्रीकराला मजुरी दिसत नव्हती

सर्वसाधारण विक्रीकराची सुरुवात १९३९ साली मद्रास प्रांतात झाली. प्रांताचे प्रमुख चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी दारूबंदी आणली होती, तिने बुडालेले अबकारी उत्पन्न कुठून तरी भरून काढायचे होते. (पुढे १९४८ मध्ये जयनगरची कोनशिला बसली, ती याच राजाजींच्या हस्ते, तेव्हा ते गव्हर्नर जनरल होते. विक्रीकर आणि जयनगर यांचा एवढाच जुना संबंध.) मुंबई, म्हैसूर आणि इतर प्रांत-संस्थानांनी मागोमाग तोच मार्ग धरला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतली ५४वी नोंद झाली, ती ‘मालाच्या खरेदी-विक्रीवरील कर’ अशी. यातला ‘माल’ हा शब्द महत्त्वाचा. राज्यांना कर लावायचा अधिकार मिळाला तो मालावर. सेवा किंवा मजुरी असा शब्द त्या नोंदीत कुठे नव्हताच.

किराणा दुकानापुरते हे सोपे होते. पोते दिले, पैसे घेतले, विक्री झाली. अडचण आली ती माल आणि हात एकत्र येतात तिथे. गॅनन डंकर्ली या बांधकाम कंपनीकडून मद्रास सरकारने इमारतीत वापरलेल्या सामानावर विक्रीकर मागितला. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली निकाल दिला, तो कंपनीच्या बाजूने. विक्री होण्यासाठी काय लागते? मालाचा सौदा, त्याची किंमत आणि त्या मालाची मालकी मालाच्याच रूपात दुसऱ्याकडे जाणे. इमारत बांधून घेणारा माणूस सिमेंटचा सौदा करत नाही, इमारतीचा करतो. सिमेंट भिंतीत गेले की ते सिमेंट उरत नाही, जमिनीला जडलेली वास्तू होते, आणि मालकी जाते ती त्या रूपात. करार एकसंध आहे. त्यात मालाची विक्री शोधून काढता येत नाही.

तर्क निर्दोष होता. परिणाम मात्र विचित्र झाला : दुकानातून घेतलेल्या सिमेंटच्या पोत्यावर कर, आणि ठेकेदाराने त्याच सिमेंटाची भिंत उभी करून दिली तर ठेक्याच्या रकमेवर राज्याला काही नाही. मजुरी मालाच्या आड लपली नव्हती. उलट मालच मजुरीच्या आड लपला होता.

हाच तर्क जेवणाच्या टेबलापर्यंत पोचला. नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उपाहारगृहात बसून जेवणारा गिऱ्हाईक अन्न विकत घेत नाही, सेवा घेतो. टेबल, पाणी, वाढपी, स्वच्छ ताट-वाट्या हे सगळे त्या सेवेत येते. उरलेले अन्न बांधून नेण्याचा हक्कही त्याला नसतो. तेव्हा विक्री नाही आणि विक्रीकरही नाही. देशभरातली राज्ये हादरली. फेरविचारात १९८० साली न्यायालयाने खुलासा केला, की काउंटरवरून अन्न घेऊन जाता येत असेल तर तो व्यवहार विक्रीचाच.

या खुलाशानंतर तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले आणि बंगळुरूला उभ्याउभ्या इडली-वडा खाण्याची सवय लागली. आधी कूपन, मग काउंटरवर बशी, वाढपी नाही, खुर्ची नाही. नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या फूटपट्टीने मोजले तर दर्शिनीतली इडली माल, आणि वाढपी टेबलावर आणून देतो ती इडली सेवा. पीठ एकाच चक्कीचे असले तरी.

## खिचडीतला तांदूळ

दर्शिनीवर हा प्रश्न सोडवायची वेळ आली नाही, कारण त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९८३ रोजी, राज्यघटनेची ४६वी दुरुस्ती अमलात आली. १९८२ साली संमत झालेल्या या दुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये २९-क हे उपकलम घातले आणि काही व्यवहार ‘मानीव विक्री’ ठरवले : ठेक्याच्या कामात लागलेला माल, हप्तेबंद खरेदी, भाड्याने दिलेल्या वस्तू, क्लबांनी सभासदांना दिलेला माल आणि खाद्यपेये. मानीव म्हणजे नसली तरी आहे असे धरायचे. न्यायालयाने जी विक्री दिसत नाही म्हटले होते, ती संसदेने असल्याचे जाहीर करून टाकले.

जेवणाचा प्रश्न मिटला, बांधकामाचा मिटला नाही. राज्यांना हात घालायला मिळाला तो ठेक्यातल्या मालापुरता. मजुरी अजूनही बाहेरच. म्हणजे शिजलेल्या खिचडीतून तांदूळ निवडून काढून तेवढ्यालाच कर लावायचा. गॅनन डंकर्लीच्याच दुसऱ्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निवडायचे कसे, तेही सांगितले. ठेक्याच्या एकूण रकमेतून मजुरी वजा करा, वास्तुविशारदाची फी वजा करा, यंत्रांचे भाडे, कामात खर्च झालेले पाणी, वीज, इंधन वजा करा, मजुरीशी संबंधित कचेरीखर्च वजा करा, आणि ठेकेदाराने मजुरीवर मिळवलेला नफासुद्धा वजा करा. उरेल तो माल.

एखादा मेस्त्री मजुरीवरचा नफा आणि मालावरचा नफा वेगवेगळ्या वहीत लिहीत असेल, अशी कल्पना करणेच कठीण. म्हणून न्यायालयाने राज्यांना एक पळवाटही दिली : हिशेब नसेल तर ठरावीक टक्केवारी धरा. महाराष्ट्राच्या व्हॅट (मूल्यवर्धित विक्रीकर) नियमांतला ५८वा नियम याच कामाचा होता. बांधकामात ३० टक्के मजुरी धरायची, वातानुकूलन यंत्र बसवण्यात १०, लिफ्ट बसवण्यात १५, रंगकामात २०, टायरला नवा पट्टा चढवण्यात आणि कापडाच्या रंगाई-छपाईत ४०. इमारतीपासून टायरपर्यंत प्रत्येक वस्तूत माणसाचा हात किती टक्के, हे सरकारी राजपत्राने ठरवून टाकले होते. विनोदी वाटावा असा हा तक्ता, पण त्यामागे शरणागती होती. माल आणि मजुरी यांमधली रेघ वस्तूत नसते, बिलात असते. बिलात ती कोणी ओढली नसेल तर अंदाजाने ओढावी लागते.

## कर्नाटकाचे खटले

रेघ अंदाजाची असली की तंटे होतात, आणि कर्नाटकाने यात मोठीच भर घातली.

फोटो स्टुडिओचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. रोल धुऊन छायाचित्रे काढून देणे यात कागद आणि रसायने जातात, पण गिऱ्हाईक पैसे देतो ते कागदाचे की कसबाचे? मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हे काम मुख्यतः सेवेचे मानले, म्हणजे विक्रीकर नाही. कर्नाटकाच्या विक्रीकर कायद्यात छायाचित्रे तयार करून देण्यासाठी स्वतंत्र नोंद होती. ती न्यायालयात पडली, विधिमंडळाने पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा उभी केली, उच्च न्यायालयात पुन्हा पडली, आणि शेवटी २०१५ साली प्रो लॅबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली : कागदाचा वाटा कितीही थोडा असो, तेवढ्यावर राज्य कर लावू शकते. तोवर रोल धुणारे स्टुडिओ जवळजवळ नामशेष झाले होते.

बांधकाम सुरू असतानाच विकलेल्या सदनिकांचेही तसेच. के. रहेजा डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनविरुद्ध कर्नाटक राज्य या २००५च्या निकालाने आणि लार्सन अँड टुब्रोविरुद्ध कर्नाटक राज्य या २०१३च्या निकालाने ठरले, की इमारत पुरी होण्याआधी सदनिकेचा करार झाला असेल तर बिल्डर हा गिऱ्हाइकासाठी काम करणारा ठेकेदारच आहे. पुरी झाल्यावर विकली तर ती स्थावर मालमत्तेची विक्री. त्याच भिंती, फक्त कराराची तारीख वेगळी.

लिफ्टचे उदाहरण तर याहून बोलके. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली लिफ्ट बसवून देणे म्हणजे मालाची विक्री म्हटले आणि २०१४ साली, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ते ठेक्याचे काम ठरवले. देशातल्या सर्वोच्च पीठालाही नऊ वर्षांत मत बदलावे लागते, तेव्हा दोष न्यायमूर्तींच्या बुद्धीचा नसतो. प्रश्नच असा असतो, की त्याचे उत्तर वस्तूकडे पाहून मिळत नाही.

## दुसऱ्या दारातून आलेला सेवाकर

राज्ये मालाच्या बाजूने मजुरीच्या सीमेवर येत होती, तेव्हा केंद्र सरकार समोरच्या बाजूने आले. १ जुलै १९९४ पासून मनमोहन सिंग यांच्या अर्थसंकल्पाने सेवाकर लागू केला. आरंभी तीनच सेवा होत्या : टेलिफोन, शेअर दलाल आणि सर्वसाधारण विमा. दर ५ टक्के. दरवर्षी यादी लांबत गेली, आणि १ जुलै २०१२ पासून उलटाच नियम झाला : काही सेवा वगळल्या, बाकी सगळ्या करपात्र. दरही चढत चढत, उपकर धरून, २०१६ मध्ये १५ टक्क्यांवर पोचला.

आता माल राज्याचा आणि सेवा केंद्राची अशी वाटणी झाली. कागदावर ती नीट दिसते. व्यवहारात एकच बिल दोन सरकारांनी दोन टोकांकडून ओढायचे. बंगळुरूच्या इमॅजिक क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेचा खटला २००८ साली निकालात निघाला. संस्था जाहिरातीची कल्पना, मांडणी आणि छापील साहित्य असे सगळे देत असे. राज्याला पूर्ण रकमेवर व्हॅट हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की व्हॅट आणि सेवाकर एकाच रुपयावर बसू शकत नाहीत. सेवेचा भाग वेगळा, मालाचा वेगळा.

तरी गिऱ्हाइकाच्या ताटात दोन्ही आलेच. वातानुकूलित हॉटेलात १०० रुपयांच्या थाळीचा ४० टक्के भाग सेवा धरून केंद्र त्यावर सेवाकर घेई, आणि अनेक राज्यांत व्हॅट मात्र पूर्ण १०० रुपयांवर लागे. थाळी शंभराची, कर लावण्याचा पाया एकशे चाळीसचा. शिवाय साखळीही तुटलेली होती : व्यापाऱ्याने घेतलेल्या सेवेवरचा केंद्राचा कर राज्याच्या व्हॅटमधून वजा होत नसे. मग तो किमतीत मिसळून जाई आणि पुढच्या टप्प्यावर त्या करावरही कर बसे.

## रेघ पुसली, पण कुठवर?

१०१व्या घटनादुरुस्तीने २०१६ मध्ये अनुच्छेद २४६-क आणला, त्याने माल आणि सेवा या दोन्हींवर कर लावायचा अधिकार केंद्राला आणि राज्यांना एकत्र दिला. सेवेची व्याख्या तर एका झटक्यात झाली : माल नाही ते सगळे सेवा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी सुरू झाला आणि साठ वर्षांचा वाद बराचसा निरर्थक ठरला. ठेक्याचे बांधकाम आणि हॉटेलातले जेवण या दोन्हींना कायद्याने थेट सेवा म्हणून टाकले. तांदूळ निवडायची गरज उरली नाही. खिचडी म्हणून एकच दर.

दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया म्हणजे सेवा, असाही नियम आला. शेजारच्या गिरणीतून आणलेले दळण आणि दुकानातून आणलेली कणकेची पिशवी यांतला फरक तिथे दिसतो. गहू घरचा असेल तर गिरणीवाल्याने विकली ती फक्त मजुरी. कापड देऊन शिवून घेतलेल्या सदऱ्याचेही तेच.

जीएसटीचे यंत्र चालते ते वजावटीवर. प्रत्येक व्यावसायिक गिऱ्हाइकाकडून कर घेतो, स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करतो आणि फरक सरकारला देतो. म्हणजे तो प्रत्यक्षात भरतो तो स्वतः घातलेल्या मोलावर. ही भर बहुतांश कशाची असते? मजुरी, कसब, नफा. मालावरचा कर वजावटीतून पुढे सरकत जातो, आणि मेस्त्रीच्या टप्प्यावर नव्याने पडतो तो माणसांच्या हातावरचा.

चौकट : एका घराचा हिशेब

*सोयीसाठी धरलेले आकडे. करापूर्वी सामान ३० लाख, मजुरी आणि नफा १२ लाख. सगळ्या सामानावर दर १८ टक्के मानला आहे.*

लेबर ठेका : घरमालक सामान स्वतः घेतो, त्यावर कर ५ लाख ४० हजार. मजुरीला सूट असल्यास तिच्यावर शून्य. एकूण कर ५ लाख ४० हजार.

विथ मटेरियल : ठेकेदाराचे बिल ४२ लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे ७ लाख ५६ हजार. ठेकेदार सामानावर भरलेले ५ लाख ४० हजार वजा करून २ लाख १६ हजार सरकारला भरतो. घरमालकाला पडलेला एकूण कर ७ लाख ५६ हजार.

फरक : २ लाख १६ हजार, म्हणजे बरोबर १२ लाखांच्या मजुरीचे १८ टक्के.

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर या चौकटीत आहे. एका कुटुंबासाठीचे एकच नवे घर बांधताना निव्वळ मजुरीचा ठेका जीएसटीच्या सूट-यादीत आहे. २०१७ पासून ही सूट चालू आहे. तिची चौकट मात्र अरुंद. घर निवासी संकुलाचा भाग नसावा, आणि संकुलाची व्याख्या एकाहून जास्त स्वतंत्र घरे असलेली इमारत अशी आहे. जयनगरात जुन्या साइटवर नवे बांधणारे बरेच जण खाली स्वतः राहतात आणि वर भाड्यासाठी दोन मजले चढवतात. प्रत्येक मजल्यावर वेगळे स्वयंपाकघर आले की ‘एका कुटुंबाचे एक घर’ म्हणणे अवघड होते. काम नवे असावे लागते. राहत्या घराची डागडुजी आणि रंगरंगोटी या सुटीत बसत नाही. आणि एक वीट जरी ठेकेदाराने आणली, तरी ते निव्वळ मजुरीचे काम राहत नाही.

## मग मजुरीवर कर असावा का?

‘मजुराच्या घामावर कर कसला?’ हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्यात गफलत आहे. जीएसटी मजुराच्या कमाईवरचा कर नाही; ते काम विकत घेणाऱ्याच्या खर्चावरचा आहे. जीएसटी मजुरीला सोडून मालालाच लागला, तर कोण सुटते? ज्याच्या खर्चात सेवांचा वाटा मोठा तो, म्हणजे बहुधा सुखवस्तू माणूस. साबण आणि बादली घेणारा कर भरेल आणि अंतर्गत सजावटकाराची फी देणारा भरणार नाही, हे उलटे होते. शिवाय भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. तेवढा भाग वगळला तर उरलेल्या मालावर दर वाढवावा लागतो.

विरुद्ध बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे : माणसाने स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर कर लावता येत नाही. गळका नळ घरमालकाने स्वतः दुरुस्त केला तर कर नाही, नोंदणी असलेल्या प्लंबरला बोलावले तर आहे. दर जितका चढा, तितकी स्वतः करण्याची किंवा ‘बिल नको, रोख घ्या’ म्हणण्याची ओढ जास्त. सिमेंट ट्रकमधून येते, गोदामात राहते, त्याचा माग लागतो. दुपारभराच्या प्लंबिंगचा माग लागत नाही. युरोपीय संघाने १९९९ साली हे ओळखून सदस्य देशांना सायकली आणि बुटांची दुरुस्ती, केस कापणे, घराची डागडुजी अशा हातकामाच्या सेवांवर कमी दराचा प्रयोग करायला परवानगी दिली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विक्रीकर अजूनही मुख्यतः मालावर आहे. फ्लोरिडाने १९८७ साली सेवांनाही तो लावला आणि जाहिरातदारांसह सगळ्यांचा एवढा विरोध झाला, की काही महिन्यांत मागे घेतला.

भारतातही दर खाली आणण्याचा कल दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशकर्तनालये, ब्यूटी पार्लर आणि व्यायामशाळा यांचा दर १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पण वजावटीशिवाय. हॉटेलांचे हे आधीच झाले होते : जुलै २०१७ मध्ये १२ आणि १८, आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेकांना सरसकट ५, वजावट बंद. वजावट नाही म्हणजे गॅसच्या सिलिंडरवर, भाड्यावर, यंत्रांवर हॉटेलाने भरलेला कर इडलीच्या किमतीत मुरतो. बिलावर ५ दिसतात. आत किती आहे ते दिसत नाही. सोय म्हणून हा तोडगा चांगला, तत्त्व म्हणून लंगडा.

## पगार आणि ठेका

मजुरीवर कर नसण्याची एक ठाम जागा जीएसटीत आहे. नोकराने मालकासाठी नोकरीत केलेले काम हा पुरवठाच नाही, असे कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. पगारावर प्राप्तिकर लागतो, जीएसटी नाही.

त्यामुळे अपार्टमेंटच्या दारावरचा रखवालदार दोन प्रकारचा होतो. रहिवाशांच्या संघाने त्याला स्वतः नोकरीवर ठेवले तर त्याच्या पगारावर कर नाही. तोच माणूस सुरक्षा एजन्सीकडून आला तर एजन्सीच्या पूर्ण बिलावर, म्हणजे त्याच्या पगारावर, भविष्यनिर्वाह निधीवर आणि एजन्सीच्या कमिशनवर, १८ टक्के लागतात. कारखान्याला याचे फारसे काही वाटत नाही. त्याला वजावट मिळते. ज्यांच्या स्वतःच्या सेवेवर जीएसटी नाही अशी रुग्णालये आणि दरमहा माणशी ७,५०० रुपयांपर्यंतच देखभाल खर्च घेणारे रहिवासी संघ यांना मात्र हे १८ टक्के शेवटचे पडतात. ठेक्याने माणसे घेऊ नयेत, असे करकायदाच त्यांच्या कानात सांगत असतो, जरी कामगार कायद्याच्या जाचाने एजन्सीच बरी वाटत असली तरी.

नोकर कोणाचा, हा प्रश्न मोठ्या पगारांच्या बाबतीतही सुटत नाही. नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या बंगळुरूतल्या कंपनीत परदेशातल्या समूह कंपनीचे कर्मचारी काही काळासाठी येत. काम बंगळुरूत, पगार परदेशातून आणि त्या पगाराची परतफेड बंगळुरूहून. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवले, की खरा मालक परदेशी कंपनीच. तिने मनुष्यबळ पुरवले, म्हणून सेवाकर लागतो. जयनगरच्या फाटकावरचा रखवालदार आणि त्या कंपनीचा व्यवस्थापक, दोघांनाही एकच कसोटी लागली.

प्लंबरचेही असेच दोन अवतार झाले आहेत. ओळखीचा प्लंबर वर्षाला २० लाखांच्या आत कमावतो, म्हणून त्याला नोंदणीच नको. तोच मोबाइल ॲपवरून बोलावला, तर कर भरायची जबाबदारी कायद्याने ॲपवर टाकली आहे, आणि ती पहिल्या रुपयापासून.

## वीस लाख आणि चाळीस लाख

बंगळुरूच्या रस्त्यावर हा सगळा प्रश्न उतरला तो जुलै २०२५ मध्ये. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवरून आलेल्या रकमा पाहून हजारो चहावाले, बेकऱ्या आणि पानपट्टीवजा छोट्या दुकानांना नोटिसा पाठवल्या. दुकानांवर क्यूआर कोडच्या जागी ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, बंदची हाक दिली गेली. २३ जुलैच्या बैठकीनंतर मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी नोंदणी करून घेणाऱ्यांकडे जुन्या थकबाकीचा तगादा लावणार नाही, असे आश्वासन दिले.

हा गोंधळ समजून घ्यायला दोन आकडे पुरेत. निव्वळ माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. दिवसाच्या गल्ल्यात मांडले तर साधारण ११ हजार आणि साडेपाच हजार. ही तफावत वरवर अन्यायकारक दिसते, पण तिला काही आधार आहे. दुकानदाराच्या ४० लाखांतले बहुतेक पैसे मालाचे असतात, त्याच्या हाती थोडेच उरतात. सेवा देणाऱ्याच्या रकमेत बरीचशी त्याची स्वतःचीच कमाई असते. तेव्हा एकच उंबरठा दोघांना लावणे दुकानदाराला जाचक ठरले असते.

चहाच्या टपरीपाशी मात्र हा आधार ढासळतो. उभ्याने प्यायला दिलेला चहा कायद्याने उपाहारगृहाची सेवा आहे, तेव्हा चहावाला २० लाखांच्या रकान्यात बसतो, जरी त्याचा खर्च दूध, साखर आणि गॅस यांतच जात असला तरी. शेजारचा बिस्किटे-शेंगदाणे विकणारा ४० लाखांच्या रकान्यात. त्याने गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी कोपऱ्यात चहाचा थर्मास ठेवला, तर तो ‘निव्वळ माल विकणारा’ उरत नाही आणि त्याचा उंबरठा निम्म्यावर येतो. १९७८ साली टेबल, वाढपी आणि ताट-वाट्यांवरून ठरलेली माल आणि सेवा यांमधली रेघ जीएसटीने दरांतून बरीच पुसली. नोंदणीच्या उंबरठ्यावर ती तशीच आहे.

नोंदणी झालीच तर लहानांसाठी एक सोपी वाट आहे, तिला आपसमेळ योजना म्हणतात. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या उपाहारगृहाला एकूण विक्रीच्या ५ टक्के, दुकानदाराला १ टक्का आणि ५० लाखांपर्यंतच्या इतर सेवांना ६ टक्के. तीन महिन्यांनी एकदा भरायचे, वजावट नाही, आणि हा कर गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा दाखवून घेता येत नाही. साडेपाच हजारांच्या गल्ल्यातून चहावाल्याला यानुसार दिवसाला पावणेतीनशे रुपये बाजूला काढावे लागतात.